चौकातलं ऊन गेलं तेव्हा: सीएफएलखाली जगवलेल्या तुळशीचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरचं आहे. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं आणि गल्ली मुद्दाम देत नाही. घरात पडून असलेल्या सीएफएलवर, म्हणजे एलईडीच्या आधी असायचे त्या पिळाच्या नळीच्या दिव्यांवर, झाडं वाढतात का, असं मला बरेच जण विचारतात आणि दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, ज्या चुका झाल्या त्या पण.

पार्श्वभूमी

राजवाड्याच्या मागच्या जुन्या गल्ल्यांमधला एक मराठी वाडा. लाकडी खांब, मधे चौक, चौकात दगडी वृंदावन. राहतात दोघंच. काकू, वय 78, आणि त्यांच्या बहिणीचा नातू, जो देवासहून इंजिनिअरिंगला आलाय आणि वरच्या खोलीत असतो. काकूंची रोजची सकाळ म्हणजे अंघोळ, तांब्याभर पाणी तुळशीला, मग चहा, मग पोहे असतील तर पोहे. तुळस त्यांच्या सासूबाईंच्या हातची, म्हणजे तेच झाड नाही, पण त्याच झाडाच्या मंजिरीतून बी पडून, त्याचं रोप, मग त्याचं बी, असं पन्नास-साठ वर्षं चालत आलेलं.

चौकात ऊन यायचं ते दक्षिणेकडून. उन्हाळ्यात तीन-चार तास, दसरा-दिवाळीच्या सुमाराला अडीच-तीन तास, ऐन थंडीत तासभर. तुळशीला खरं तर सहा तास पाहिजे, पण हे झाड एवढ्यावर निभावून नेत होतं, कारण जे यायचं ते थेट ऊन होतं.

2023 च्या पावसाळ्यापर्यंत दक्षिणेच्या शेजारच्या जुन्या घराच्या जागी चार मजले उभे राहिले. ते नियमात होतं की नाही ह्यात मी जात नाही, तो विषय वेगळा आणि काकूंना त्यात पडायचं पण नव्हतं. झालं एवढंच की चौकातलं थेट ऊन बंद झालं.

अडचण

गणपतीपर्यंत तुळस दोन फूट उंच आणि अगदी विरळ झाली होती. खालची पानं पिवळी पडून गळत होती, वरचे शेंडे लांबट, फिके, दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर बोटभर व्हायला लागलेलं. झाड उजेड शोधत ताणलं जातं तेव्हा असंच होतं. मातीवर हिरवट शेवाळं आणि बारीक काळी चिलटं. काकूंना वाटत होतं पाणी कमी पडतंय म्हणून त्या संध्याकाळी पण घालायला लागल्या होत्या. खरं म्हणजे ऊन नसलं की झाड पाणी फारसं ओढत नाही, माती ओलीच राहते आणि मुळं गुदमरतात. म्हणजे उजेडाचा आजार आणि वर पाण्याचा, असे दोन एकदम.

नातवाने मला बोलावलं तोवर त्याने एक उपाय करून झाला होता. कोठीच्या खोलीत एक खोका होता, त्यात नऊ सीएफएल. घरात एलईडी बल्ब आले तेव्हा काकांनी जुने चालू दिवे काढून, कागदात गुंडाळून जपून ठेवले होते, चालू वस्तू टाकायची नाही हा त्यांचा नियम होता. सहा दिवे 23 वॅटचे, तीन 15 वॅटचे. त्यातला एक 23 वॅटचा त्याने चौकाच्या तुळईला लटकवला, वृंदावनापासून तीन फूट वर, आणि दोन आठवडे रोज रात्री लावला. झाडाला काडीचा फरक नाही.

"ताई, एवढा लख्ख उजेड पडतो, वाचता येतं त्याखाली, मग झाडाला का पुरत नाही?" असं त्याने विचारलं आणि ह्या सगळ्या प्रकरणाची किल्ली ह्याच प्रश्नात आहे. आपला डोळा उजेडाच्या बाबतीत फार भरवशाचा नाही, तो अंधारात पण जुळवून घेतो आणि उन्हात पण. म्हणून आधी मोजलं. मोबाइलमधल्या लक्स (म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) मोजायच्या ॲपवर आकडा अगदी अचूक नसतो, पण तुलना करायला चालतो. गच्चीवर दुपारी बारा वाजता जवळजवळ 1 लाख लक्स. चौकात वृंदावनापाशी त्याच वेळी 600. आणि तुळईला लावलेल्या दिव्याखाली, रात्री, तुळशीच्या शेंड्यावर 150 च्या आसपास.

मग तोच दिवा हातात धरून जवळ नेला. एक फुटावर 1,200. वीतभर अंतरावर 2,300. चार इंचांवर 9,000. नातू बघतच राहिला. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो, हे त्याने शाळेत शिकलेलं होतं, पण असं डोळ्यांसमोर आकडा पळताना पाहिला नव्हता. मला विचाराल तर सीएफएलवर झाड लावायच्या आधी एवढा एक प्रयोग प्रत्येकाने करावा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

काय काय करता आलं असतं

सगळ्यात सरळ म्हणजे तुळस गच्चीवर नेणं. पण गच्चीला लाकडी उभा जिना आहे, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वर जाणं शक्य नाही आणि रोज ज्याचं दर्शन घ्यायचं ते झाडच नजरेआड ठेवायचं तर मग कशासाठी. ह्यावर त्या फार शांतपणे म्हणाल्या, "वृंदावन रिकामं नाही ठेवायचं गं." तो विषय तिथे संपला.

नर्सरीतून दर दोन महिन्यांनी नवं रोप आणून बदलत राहायचं, स्वस्तात झालं असतं, पण ते सासूबाईंचं झाड राहिलं नसतं. गच्चीच्या कठड्यावर आरसा लावून ऊन खाली पाडायचं असं नातवाच्या डोक्यात होतं. ऊन सरकतं तसा आरसा फिरवावा लागतो, वाऱ्याने पडला तर खाली माणूस आहे, आणि झळाळी शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणार. ते सोडलं.

ऑनलाइन मिळणारा जांभळा ग्रो लाइट पण पाहिला. हजार-बाराशेचा. त्यावर लिहिलेले वॅट आणि खरे वॅट ह्यांचा मेळ बसत नव्हता, आणि काकूंना देवापाशी तो जांभळा उजेड नको होता. मला त्यांचं म्हणणं पटलं, कारण पांढऱ्या उजेडातही झाडाला लागणारे रंग असतातच.

राहिला काकांचा खोका. मी होकार दिला तो दोन कारणांनी. दिवे घरात होते, खर्च होल्डर आणि वायरचाच. आणि तुळशीच्या लग्नाला दोन महिने उरले होते, तोवर काहीतरी करून झाड टिकवायचं होतं. पण मी तेव्हाच सांगितलं होतं की सीएफएल हा रोपांचा दिवा आहे, दोन फुटी झाडाचा नाही. उजेड वरच्या चार-सहा इंचांतच चांगला पडतो, त्याच्या खाली झपाट्याने उतरतो. म्हणून झाड छाटून वीतभर करू या म्हटलं. काकू नाही म्हणाल्या. लग्नाच्या आधी तुळशीला कात्री लावायची नाही. मी आग्रह केला नाही. हा पहिला निर्णय, आणि आज मागे वळून बघताना वाटतं की छाटणी नाही तर नाही, पण काड्या तरी जास्त घ्यायला हव्या होत्या. त्याच दिवशी कडेच्या सहा कोवळ्या काड्या तेवढ्या मागून घेतल्या, खुडून, कात्री न लावता. त्याला त्या कबूल झाल्या. पुढे त्याच कामी आल्या.

काय केलं

महाराणी रोडवरून होल्डर, वायर आणि चोवीस तासांचा फिरत्या चकतीचा टायमर आणला. इलेक्ट्रिशियन बघायला आला तेव्हा त्याने आधी नातवाचं काम पाहून डोक्याला हात लावला, "भिया, पानी के बाजू में खुला जोड़ नहीं चलेगा," आणि सगळे जोड काढून वर, भिंतीपाशी, बंद डब्यात घेतले. वायर होल्डरपर्यंत येण्याआधी खाली झोळ देऊन सोडली, म्हणजे चुकून पाणी ओघळलं तर झोळातून खाली टपकेल, होल्डरमध्ये जाणार नाही. हे सांगतेय कारण झाड, पाणी, अनवाणी पाय आणि वीज हे सगळं एका जागी आलेलं असतं आणि आपण सगळं लक्ष पानांकडे देतो.

23 वॅटचे चार दिवे. दोन वरून, आडवे. पिळाचा दिवा उभा टांगला की त्याचा बराच उजेड कडेला जातो आणि खाली कमी पडतो, आडवा केला की नळीची लांब बाजू झाडाकडे येते. बाकीचे दोन झाडाच्या दोन बाजूंना, मधल्या उंचीवर, कारण झाड उंच होतं आणि खालच्या फांद्यांना काहीतरी मिळायला हवं होतं. मागे आणि वर पांढरा ऑइलपेंट दिलेल्या प्लायच्या फळ्या. नातू चांदीचा कागद लावणार होता, पण चुरगळलेल्या कागदावरून उजेड ठिपक्याठिपक्यांनी परततो, साधा पांढरा रंग सारखा परतवतो. पूर्ण बंद खोकं केलं नाही, कारण सीएफएलच्या बुडाशी जे सर्किट असतं ते कोंडलेल्या गरमीत लवकर जातं.

अंतर पाच इंच. ह्याला एक सोपी कसोटी आहे, पान जिथे आहे तिथे हाताची पाठ अर्धा मिनिट धरायची, चटका वाटला नाही तर ठीक. कडेच्या एका दिव्याला एक फांदी वाढून जवळजवळ टेकली तेव्हा तिची दोन पानं तपकिरी पडली, बाकी काही झालं नाही.

ह्या मांडणीत शेंड्यापाशी 12,000 लक्स आले. आता हिशोब बघा. 12,000 गुणिले 14 तास म्हणजे 1 लाख 68 हजार. आधी चौकात तीन तास थेट ऊन यायचं, ते 70 हजार धरलं तर 2 लाख 10 हजार. म्हणजे चार दिवे चौदा तास जाळून आपण जुन्या तीन तासांच्या उन्हाच्या जवळ येतो, पोचत नाही. आणि हे शेंड्यापाशी. खाली फूटभर अंतरावर पाव पण नाही. हा आकडा ऐकल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "सूर्यनारायण फुकट देतो म्हणून कळत नाही."

दिवे किती वाजता लावायचे ह्यावर एक गोड अडचण आली. मी सकाळी सहा ते रात्री आठ म्हटलं होतं. काकू म्हणाल्या, दिवेलागणीला मी निरांजन लावते, तेव्हा हा भगभगीत उजेड नको. मग पहाटे साडेचार ते संध्याकाळी साडेसहा केलं. झाडाला त्याने काहीच बिघडत नाही, चौदा तास उजेड आणि दहा तास काळोख मिळाला म्हणजे झालं. फक्त एक, तो टायमर चकतीचा, लाइट गेली की चकती थांबते आणि तेवढा वेळ मागे पडतो. देखभालीसाठी दोनदा सकाळभर लाइट गेली आणि तिसऱ्या आठवड्यात काकूंचं निरांजन लागलं तरी दिवे चालूच. तेव्हापासून दर रविवारी घड्याळाशी चकती जुळवायची असं ठरलं.

पाण्याचं जरा नाजूक होतं. तांब्याभर पाणी घालायची सवय पन्नास वर्षांची, ती मोडा कशी म्हणायची? मार्ग काकूंनीच काढला. रविवारी आणि एकादशीला त्यांच्याकडे तुळशीला पाणी घालत नाहीत, ते होतंच. बाकीच्या दिवशी तांब्याऐवजी पळीभर पाणी, मंत्र तोच. आणि बोट घालून माती दोन पेरांपर्यंत कोरडी लागली तरच नातवाने पेलाभर घालायचं. पंधरा दिवसांत चिलटं कमी झाली, शेवाळं सुकलं. मला तर वाटतं पहिल्या महिन्यात जो फरक दिसला त्यातला निम्मा ह्या पळीचा.

त्या सहा काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवून स्वयंपाकघरातल्या फडताळात, 15 वॅटच्या दोन दिव्यांखाली. आठ-दहा दिवसांत पाचांना मुळं फुटली, एक सडली. पाचही छोट्या कुंड्यांमध्ये गेल्या. ही रोपं बुटकी, त्यामुळे दिवा चार इंचांवर ठेवता यायचा आणि सगळ्याच पानांना सारखा उजेड. फरक इतका ठळक होता, की ऑक्टोबरअखेर वृंदावनातलं झाड नुसतं तग धरून होतं, शेंड्याला लहान पण गर्द पानं आलेली आणि खाली उघड्या काड्या, आणि फडताळातली पोरं मात्र टवटवीत, आखूड पेरांची, भरलेली. फडताळात जागा होती म्हणून काकूंनी मेथी आणि कोथिंबीर पण पेरली. मेथी तीन आठवड्यांत पराठ्यापुरती निघाली.

दिवा फुटला तेव्हा

दिवाळीच्या साफसफाईत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नातवाने वरचा एक दिवा पुसायला काढला. काढताना त्याने पिळाची काच धरली. सीएफएल नेहमी खालच्या प्लॅस्टिकच्या बुडाला धरून फिरवायचा असतो. काच तडकली आणि तुकडे सरळ तुळशीवर, कुंडीत आणि चौकात.

सीएफएलमध्ये पारा असतो. थोडाच, साधारण पाच मिलिग्रॅमपर्यंत, पण वाफेच्या रूपात असतो आणि नळीच्या आतल्या पांढऱ्या पावडरीत पण. काकूंनी सवयीने केरसुणी घेतली आणि झाडायला लागल्या. तेच करायचं नसतं. झाडल्याने पावडर उडते आणि ती केरसुणी मग घरभर फिरते. नातवाचा फोन आला तेव्हा मी सांगितलं ते असं, आधी पंखा बंद, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी दहा-पंधरा मिनिटं बाजूला व्हा. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, फरशी ओल्या कागदाने पुसा, आणि ते सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा, ती केरसुणी पण परत वापरू नका. चौक वरून उघडा होता हे त्यातल्या त्यात बरं.

बरणी कचऱ्याच्या गाडीत दिली. इंदूरच्या गाडीला सहा कप्पे असतात, ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती धोकादायक. फुटलेला सीएफएल त्या शेवटच्यात. काकूंना कप्पे तोंडपाठ आहेत, त्यांनी गाडीवाल्याला थांबवून आत काय आहे ते नीट सांगून मगच बरणी हातात दिली.

खरा प्रश्न झाडाचा होता. मातीचा वरचा दोन इंचांचा थर काढून टाकला, फांद्या हलवून काच पाडली. पण तुळशीची पानं ह्या घरात रोज तीर्थात जातात, खोकला झाला की काढ्यात जातात. पाऱ्याचं प्रमाण फार थोडं, हे मान्य, पण पानांवर पावडर बसलेली असू शकते आणि काचेचा सुईएवढा कण पण पुरतो. ह्या झाडाचं पान पोटात जाऊ द्यायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. हा दुसरा मोठा निर्णय आणि सगळ्यात अवघड, कारण ज्या झाडासाठी सगळा खटाटोप केला त्याचंच पान देवाला चालणार नाही असं सांगायचं होतं.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग फडताळापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ही तिचीच ना?" पाच कुंड्यांपैकी सगळ्यात भरलेली त्यांनी उचलली. फडताळ चौकापासून दोन खोल्या आत, तिथे काहीच उडालं नव्हतं. 24 नोव्हेंबरला तुळशीचं लग्न लागलं ते ह्या वीतभर रोपाचं, ऊस त्याच्यापेक्षा पाच फूट उंच, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांनी अक्षता टाकल्या. जुनं झाड वृंदावनातून काढून, मोठ्या कुंडीत, गच्चीवर नेलं.

वीजबिल

हे आधीच लक्षात यायला हवं होतं. दिवाळीच्या तोंडावर ऑक्टोबरचं बिल आलं आणि काकू घाबरल्या. एरवी साडेतीनशे-चारशेच्या आत, ह्या वेळी हजाराच्या वर.

चार दिवे म्हणजे 92 वॅट. चौदा तासांचे रोज जवळजवळ 1.3 युनिट, महिन्याला 39. सात रुपये धरले तर पावणेतीनशे रुपये वाढायला हवे होते, मग एवढे कसे? कारण मध्य प्रदेशात गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असला तर पहिल्या 100 युनिटचे फक्त 100 रुपये लागतात. काकूंचा वापर 120 च्या आसपास. त्यात 39 मिळवले की 150 ओलांडलं आणि सवलतच गेली. (फडताळातले दोन वेगळेच, ते सुरुवातीला मी हिशोबात धरलेच नव्हते.) म्हणजे फुकटचे दिवे महिन्याला सहा-सातशेला पडले.

इथे सीएफएल सोडायचं ठरलं. दोन फुटांच्या 10 वॅटच्या साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या, घरात लावतो त्याच, चार आणल्या. चारांचे मिळून 40 वॅट, महिन्याला 17 युनिट, एकूण 137. 23 वॅटचा सीएफएल नवा असताना साधारण 1,400 ल्यूमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) देतो, आणि आमचे तर वापरलेले होते, वयाबरोबर ते मंद होत जातात. 10 वॅटची पट्टी 1,000 च्या आसपास देते आणि तो सगळा एकाच बाजूला, खाली. सीएफएल चारही बाजूंना उधळतो आणि मग आपण फळ्या लावून तो परत आणायचा. मोबाइलवर रोपांपाशी आकडा आधीपेक्षा जास्तच आला. ह्याशिवाय फुटलं तरी पारा नाही.

निकाल

डिसेंबरपासून जे बसलं ते असं. पाचांपैकी तीन कुंड्या फेऱ्यात. प्रत्येक कुंडी एक आठवडा वृंदावनात, दोन आठवडे गच्चीवर उन्हात. नातू दर शनिवारी बदलतो, कुंडी लहान असल्यामुळे एका हातात जिना चढता येतो. वृंदावनातल्या आठवड्यात वर एक पट्टी असते, झाड थोडं फिकं पडायला लागतं तोवर त्याची पाळी संपते. उरलेल्या दोन कुंड्या फडताळात तीन पट्ट्यांखाली, राखीव. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला तेव्हा गच्चीवरच्या दोन्ही कुंड्या रात्री जिन्याच्या डोक्यावर आत घेतल्या, तुळस थंडीने काळी पडते. तरी एकीची पानं झडली, ती फेब्रुवारीत परत फुटली.

जुनं झाड गच्चीवर नेल्यावर, महिन्याभराने, काकूंच्या परवानगीने अखेर छाटलं. थंडी सरल्यावर बुडापासून चार नवे फुटवे आले. नवी पानं फुटली, पावसात सगळं धुऊन निघालं, तरी काकू त्याचं पान वापरत नाहीत, नुसतं जपतात.

बिल परत आधीच्या जागी. एकूण खर्च होल्डर, वायर, टायमर, इलेक्ट्रिशियन आणि पट्ट्या धरून अडीच हजाराच्या आत, वरून त्या एका बिलाचा फटका.

परत करायचं झालं तर

काड्या पहिल्याच दिवशी, आणि सहाच्या ऐवजी बारा. झाड आजारी पडल्यावर घेतलेल्या काडीपेक्षा धडधाकट असताना घेतलेली काडी केव्हाही चांगली, म्हणजे शेजारचा पाया खणायला लागले तेव्हाच घ्यायला हव्या होत्या.

फेऱ्याची कल्पना मला नोव्हेंबरात सुचली, सप्टेंबरात सुचायला हवी होती. तेव्हा सगळ्यांचं, माझं पण, डोकं दिव्यातच अडकलं होतं. गच्चीवर 1 लाख लक्स पडून होते आणि आम्ही खाली 12 हजारांसाठी फळ्या रंगवत होतो. काकू वर जाऊ शकत नाहीत ह्याचा अर्थ झाड जाऊ शकत नाही असा आम्ही धरून बसलो.

तुमच्याकडे पडून असलेले सीएफएल असतील आणि वापरायचेच असतील तर रोपांसाठी, मेथी-कोथिंबिरीसाठी, काड्या रुजवायला वापरा, चार-पाच इंचांवर, एक-दोन दिवे, दीड-दोन महिने. त्या कामाला ते खरंच चांगले आहेत, मी आजही सांगते. पण कुंडीच्या बरोबर डोक्यावर उघडा टांगू नका, दिवा आणि झाड ह्यांच्यामध्ये जाळी किंवा पारदर्शक पत्रा ठेवा, विशेषतः पान खाण्यातलं असेल तर. आणि आधी बिल काढून बघा, महिन्याचे युनिट किती आहेत आणि कोणत्या टप्प्याच्या काठावर आहात. नवे सीएफएल विकत आणून हे करायची तर काहीच गरज नाही.

खोक्यातले उरलेले आठ दिवे रंगपंचमीनंतर काकूंनी स्वतः, एकेक कागदात गुंडाळून, गाडीत दिले. फेऱ्यातल्या एका कुंडीला आता मंजिरी आल्यात, त्या खुडायच्या नाहीत असं त्यांनी बजावलंय, बी धरल्यावर अर्धं देवासला बहिणीकडे जाणार आहे.